पैचं दुकान

तळोद्याच्या पेठेत लालचंदच्या मोठ्या दुकानाला लागून एक अरुंद दुकान होतं. आत बसलेल्या माणसानं दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडच्या फळ्या हाताला लागाव्यात, इतकंच रुंद. त्याला ना पाटी होती, ना गादी. बाजाराच्या दिवशी सातपुड्यातून उतरणाऱ्या बाया त्याला 'पैनं दुकान' म्हणत आणि ते चालवणाऱ्या हुलासबाईला 'पैवाली माय'.

हुलासबाई लग्न होऊन मारवाडातून इकडे आली ती एकोणीसशे सहा-सात साली, चौदा वर्षांची. नंदुरबारला आगगाडीतून उतरली तेव्हा डोक्यावरून ओढलेल्या ओढणीत मिरचीचा असा खाट शिरला, की नवरीनं सासरच्या माणसांना पहिलं दर्शन दिलं ते शिंकतच. पुढं बैलगाडीतून तापी ओलांडून तळोद्याला येईपर्यंत ती शिंकत होती. तिची सासू छोटीबाई नंतर कौतुकानं सांगायची, "आमच्या घरी लक्ष्मी आली ती नगारे वाजवत आली."

बारा वर्षं संसार झाला. मग मानमोडीची साथ आली. पेठेतल्या घराघरातून माणसं गेली, त्यात तिचा नवरा माणकचंदही गेला. मागं राहिली सासू, सात वर्षांची नोजी आणि माणकचंदचं छोटं किराणा दुकान. धाकटा दीर लालचंद त्या वेळी डिंक, चारोळी, मोहाच्या मोठ्या खरेदीत पडला होता. तो म्हणाला, "भाभीजी, ते दुकान मोडून माझ्या वखारीत घेतो. तुमचं आणि नोजीचं मी बघेन." त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. पण छोटीबाई आडवी आली. "हुलास तोंडी हिशेब तुझ्यापेक्षा लवकर करते. दुकान तीच चालवील."

विधवा बाई पेठेत बसणार म्हटल्यावर चार लोकांनी नाकं मुरडली. त्यावर छोटीबाईनं तोड काढली. दुकानाच्या तोंडाशी जुन्या लुगड्याचा पडदा लावला आणि सांगितलं, "हे बायकांचं दुकान. पुरुषांनी पलीकडं लालचंदकडं जावं."

ही तोड भलतीच लागू पडली. डोंगरातली बाई लाकडाची मोळी किंवा पानभर डिंक विकून दोन-तीन पैसे गाठीला बांधायची. तेवढ्यातच मीठ, तंबाखू, हळद, सुई, असं सगळं बसवायचं. पैशाच्या तीन पै. एक पै मिठाला, एक तंबाखूला, एक हळकुंडाला. पण मोठ्या दुकानात चार पुरुषांच्या देखत 'एका पैचं मीठ द्या' म्हणायला जीभ रेटत नसे, आणि म्हटलंच तर दुकानदार ऐकलं नाही असं दाखवायचा. पडद्याआड तसं नव्हतं. तिथं पै पुढं केली की हुलासबाई विचारायची, "कसानी? मिठानी का तंबाखूनी?" आणि हजाराची खरेदी असावी अशा गंभीरपणे पुडी बांधायची.

पाच-सात वर्षांनी पडदा विरून फाटला. नवा लावायची गरज कुणाला वाटली नाही. तोवर पुरुषसुद्धा चोरून पैची तंबाखू न्यायला येऊ लागले होते.

लालचंदला हे कधीच पटलं नाही. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो ओट्यावर येऊन बसायचा. त्याच्या हातात वर्तमानपत्र असायचं.

"भाभीजी, एक पैचं मीठ बांधायला कागद लागतो, दोरा लागतो, तुमचा वेळ जातो. नफा काय सुटतो?"

"मीठ संपलं की ती परत येते."

"परत आणखी एका पैला!"

"हो. मग तिसऱ्यांदा पण येते."

"अहो, सरकारला एक पै पाडायला पैपेक्षा जास्त खर्च येत असेल. इतकं तांबं, इतकी माणसं, कोळसा. उद्या सरकार म्हणेल की हा तोट्याचा धंदा बंद करा. मी सरकार असतो तर कधीच बंद केला असता."

"बरं झालं, तुम्ही सरकार नाही," हुलासबाई म्हणायची आणि त्याला बडीशेप द्यायची. लालचंद हसायचा, बडीशेप खायचा, वर्तमानपत्राची घडी घालायचा. नोजीचं लग्न होऊन ती नंदुरबारला नांदायला गेली, छोटीबाई शांतपणे गेली, तरी हा वाद चालूच होता. दोघांनाही त्याची सवय लागली होती.

एकोणीसशे बेचाळीसच्या पावसाळ्यात लालचंदचं म्हणणं खरं ठरायची वेळ आली. लढाई पेटलेली होती. तांबं तोफांना लागतं, असं कुणी म्हणे. लोकांनी मडक्यात पुरून ठेवलंय, असं दुसरा म्हणे. कारण काहीही असो, पेठेतून आधी पै नाहीशी झाली, मग पैसा, मग दोन पैशांचा ढब्बू. लोकांच्या हाती आणे, चवल्या आणि पावल्याच उरल्या. मोठे व्यापारी उरलेल्या सुट्ट्यांच्या बदली पोस्टाची तिकिटं देऊ लागले. श्रावणातल्या दमट हवेत ती तिकिटं एकमेकांना अशी चिकटली, की लालचंदनं एकदा सव्वा रुपयाची तिकिटं पाण्यात भिजवून सोडवली आणि सगळा डिंक धुऊन गेला. पोस्टातला माणूस ती परत घेईना. लालचंद स्वतः डिंकाचा व्यापारी असल्यामुळं यावर पेठेत महिनाभर हसणं चाललं.

डोंगरातल्या बायांना मात्र हसू येत नव्हतं. मोळी घेणारा आता दोघींत मिळून एक आणा द्यायचा आणि 'वाटून घ्या' म्हणायचा. त्या वाटायच्या कशा? कमलीबाई नावाची एक बाई पंधरा वर्षं हुलासबाईकडं येत होती. ती एक दिवस दोन मोळ्यांचा आणा घेऊन दुकानापुढं उभी राहिली आणि रडकुंडीला आली.

"माय, आते काय करू? आण्यानं मीठच लेऊ का?"

एका आण्याचं मीठ म्हणजे बारा पैंचं मीठ. ते डोंगर चढून न्यायचं आणि घरी तंबाखू नाही, हळद नाही. हुलासबाईनं आणा घेतला, एक-एक पैचं चार जिनसांचं सामान दिलं आणि उरलेल्या आठ पैंच्या बदली आठ सुपाऱ्या मोजून तिच्या पदरात टाकल्या.

"हाई सुपारी म्हणजे पै. पुढला बाजारले ली ये. मी परत लेसू."

कमलीबाईनं सुपाऱ्या नेल्या. पुढच्या बाजाराला ती आली तेव्हा दोनच परत आणल्या. "बाकीन्या?" हुलासबाईनं विचारलं. कमलीबाईनं लाजून सांगितलं, की नवऱ्यानं आणि सासऱ्यानं पैसे खाल्ले.

तेव्हा हुलासबाईच्या लक्षात आलं, की खाता येईल अशी वस्तू उपयोगाची नाही. ती दोन दिवस दुकानात चहूकडं बघत बसली. खिळे महाग होते. कवड्या तिच्याकडं नव्हत्या. मग कोपऱ्यातल्या पोत्याकडं नजर गेली. बिब्बे! गेल्या वर्षीचे, वाळून खडखडीत झालेले, काळे, नखाएवढे. धोबी कपड्यांवर खुणा घालायला न्यायचे तेवढाच त्यांचा खप. कुणी तोंडात टाकणार नाही, हरवला तर फारसं बिघडत नाही. कार्तिक महिन्यात हुलासबाईनं जाहीर केलं, की एक बिब्बा म्हणजे एक पै.

महिनाभर हा कारभार झकास चालला. बिब्बे तिच्या दुकानातून सुटले ते पेठभर फिरू लागले. शेजारच्या कासाराकडं ते चालले, फुटाणेवालीनं ते घेतले, कारण शेवटी हुलासबाई ते परत घेऊन मीठ देते हे सगळ्यांना माहीत होतं. मामलेदार कचेरीतला पितांबर कारकून चौकशीला आला. गळ्याभोवती मफलर, कपाळाला आठ्या.

"हुलासबाई, तुम्ही स्वतःचं नाणं काढलंत, असं कानावर आलंय. कायद्यानं असं करता येत नाही."

"मी कशाला नाणं काढू? मी बिब्बे विकते. कुणाला नको झाले तर परत घेते."

कारकुनानं इकडंतिकडं बघून खिशातून तीन बिब्बे काढले. "मग हे परत घ्या. आणि त्याचा कात द्या."

पहिला घोटाळा गिरधर गाडीवानानं केला. त्यानं भाड्याच्या बदली मिळालेले वीसेक बिब्बे पागोट्याच्या घडीत ठेवले आणि उन्हातान्हात तापीपर्यंत जाऊन आला. त्यातला एखादा कच्चा होता, किंवा दुपारी पागोटं उशाला घेतलं तेव्हा चेंगरला, कोण जाणे. संध्याकाळी तो दुकानापुढं आला तेव्हा कपाळभर फोड, एक डोळा सुजून बंद. बिब्बा चांगलाच उतला होता.

"पैवाली माय! तुन्हा पैसा मले चावना!" तो रस्त्यातूनच ओरडला.

हुलासबाईला वाईटही वाटलं आणि हसूही आवरेना. तिनं त्याला ओट्यावर बसवलं, खोबरं वाटून कपाळाला थापलं, गुळाचा खडा हातात दिला. गिरधर गूळ चघळत सगळ्या येणाऱ्या-जाणाऱ्यांना कपाळ दाखवत बसला. त्या दिवसापासून ती प्रत्येक बिब्बा बोटात दाबून, निवडून देऊ लागली.

दुसरा घोटाळा मोठा होता, आणि तो पौषात आला. बाजाराचा दिवस होता. सकाळी हुलासबाईनं फळ्या काढल्या तर समोर नेहमीपेक्षा चौपट बाया. प्रत्येकीच्या डोक्यावर टोपली, आणि प्रत्येक टोपली काठोकाठ भरलेली. सगळ्यात पुढं कमलीबाई होती. तिचा चेहरा आनंदानं फुलला होता.

"माय, आम्हना डोंगरमा पैसा झाडले लागनात!"

टोपल्यांत नवे बिब्बे होते. हंगाम सुरू झाला होता. सातपुड्यात बिब्ब्याची झाडं जागोजाग. बायांनी चार दिवस राबून ते गोळा केले होते, पिकलेली बोंडं वेगळी काढून उन्हात वाळवले होते. कुणाच्याही मनात फसवणूक नव्हती. हुलासबाई बिब्ब्याला मीठ देते, डोंगरात बिब्बे आहेत, मग आणायचे. इतका साधा विचार होता तो.

हुलासबाई पाटावर बसली. टोपल्यांकडं बघून तिनं मनातल्या मनात मोजलं. इतकं मीठ तळोद्यातच काय, नंदुरबारच्या वखारीतही नसेल. नाही म्हणावं, तर पंधरा-वीस वर्षांचा विश्वास मोडतो. हो म्हणावं, तर दुपारपर्यंत दुकान रिकामं.

तिनं कमलीबाईला जवळ बोलावलं. "हाई तू कशी आनस? मी तुले दिधी ती पै. तू झाडवरथीन तोडी ती पै नही."

कमलीबाईनं एका हातात जुना बिब्बा घेतला, दुसऱ्या हातात नवा. दोन्ही नीट निरखले. मग प्रामाणिकपणे विचारलं, "यामा फरक काय शे, माय?"

इतकी वर्षं तोंडी हिशेबात कुणाला न हरलेली हुलासबाई त्या एका प्रश्नावर हरली. आणि मग तिला इतकं हसू लोटलं, की पदरात तोंड लपवावं लागलं. ती हसते म्हटल्यावर पुढच्या बाया हसल्या, मग मागच्या, आणि का हसायचं हे कळेना तरी सगळा रस्ता हसू लागला. आवाज ऐकून लालचंद बाहेर आला.

त्याला सगळं समजायला वेळ लागला नाही. समोर वीस टोपल्या, मध्ये पाटावर हसून हसून डोळे पुसणारी भाभी. आता हा बोलणार, असं हुलासबाईला वाटलं. पै बंद व्हावी असं तो वीस वर्षं म्हणत होता, आणि त्याच्या हाती आयता विजय आला होता. पण लालचंदनं एका टोपलीत हात घातला, मूठभर बिब्बे वर काढले, वास घेतला, एक नखानं दाबला.

"माल चांगला आहे," तो म्हणाला. "सुरतेकडचा एक जण विचारत होता. रंगाच्या कारखान्यासाठी हवेत म्हणे."

"किती घेईल?"

"सगळे घेणार नाही. भावही फार देणार नाही. पण घेईल." मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "भाभीजी, पै म्हणून घेऊ नका. माल म्हणून घ्या. वजनावर."

त्या दिवशी मोठा तराजू रस्त्यात मांडला. लालचंद तोलत होता, हुलासबाई भाव सांगत होती. शेराला दोन पैचं मीठ ठरलं. बाया थोड्या हिरमुसल्या, कारण टोपलीभर पैशांचं ओंजळभर मीठ झालं होतं. पण ती ओंजळ नेहमीच्या बाजारापेक्षा मोठीच होती, म्हणून कुणी भांडलं नाही. जुने निवडलेले बिब्बे तिनं आठवडाभरात शब्दाप्रमाणे एकेक पै धरून परत घेतले. नव्यातले कोणते त्यात मिसळले असतील, हे तिनं तपासलं नाही. सुरतेच्या मालात थोडे पैसे सुटले, परतफेडीत थोडे गेले.

उन्हाळ्यात सरकारनं नवा पैसा काढला. मधोमध भलं मोठं भोक. तो पहिल्यांदा पेठेत आला तेव्हा लोकांनी त्यातून डोळा लावून एकमेकांकडं बघितलं. गिरधर म्हणाला, की सरकारनं मधला भाग स्वतः खाल्ला आणि कड आपल्याला दिली. पण पैसा तर मिळू लागला. पै मात्र आली नाही. लालचंदच्या वर्तमानपत्रात एक दिवस दिसलं, की आता पै पाडली जात नाही. त्यानं ते मोठ्यानं वाचलं नाही. वर्तमानपत्राची घडी घालून तो ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "सरकारनं माझं ऐकलं बघा."

"मग आनंद व्हायला हवा तुम्हाला."

"व्हायला हवा खरा," लालचंद म्हणाला आणि त्यानं बडीशेपेसाठी हात पुढं केला.

पै नसली तरी पैचं गिऱ्हाईक होतंच. आता हुलासबाईनं दुसरी रीत पाडली. एकटीला एक पैचं मीठ हवं असेल तर तिनं ओट्यावर थांबायचं. दुसरी येईल, तिसरी येईल. तिघींचा मिळून एक पैसा. कुणी कुणाला काय द्यायचं ते त्यांचं त्या बघतील. एकीनं आज द्यावा, दुसरीनं पुढच्या बाजाराला. हुलासबाई तिघींच्या तीन पुड्या बांधायची. एकीला मीठ, एकीला तंबाखू, एकीला हळद.

यामुळं ओट्यावर कायम बायांचा घोळका बसू लागला. तिसरी येईपर्यंत करायचं काय, तर बोलायचं. एका डोंगराच्या दोन बाजूंच्या बाया, ज्यांनी एकमेकींची गावं आयुष्यात पाहिली नव्हती, त्या तिथं तासतासभर बसायच्या. कमलीबाईची तिथं रेवाबाईशी गाठ पडली. रेवाबाई तिच्या गावापासून दोन घाट पलीकडची. दोघी सलग पाच बाजार एकाच पैशात अडकल्या. सहाव्या बाजाराला कमलीबाई म्हणाली, की हिचा मुलगा आणि माझी मुलगी, असं ठरलंय.

"आठे? मन्हा ओट्यावर?" हुलासबाईनं डोळे विस्फारले.

"आठेच. आते तुले येनं पडी."

हुलासबाईनं आधी नाही म्हटलं. चोवीस वर्षं ती कुणाच्या लग्नात पुढं उभी राहिली नव्हती. नोजीच्या लग्नातसुद्धा मांडवात न येता आतल्या खोलीत बसून होती. तशीच रीत होती. पण कमलीबाई ऐकेना. शेवटी लालचंदच म्हणाला, "जाऊन या. दुकानावर मी बसतो."

"पैचं गिऱ्हाईक येईल."

"येऊ दे. बांधीन पुड्या."

गिरधरनं तिला डोंगराच्या पायथ्यापर्यंत गाडीतून नेलं. पुढं ती चालत चढली, सोबत मीठ, गूळ आणि स्वतःच्या दशम्यांचं गाठोडं. गावात पोचली तेव्हा ढोल वाजत होता. पन्नाशीच्या मारवाडी बाईला त्यांनी खाटेवर बसवलं, तिच्यासाठी वेगळ्या मडक्यातलं पाणी गाळून आणलं. हळद लावायची वेळ आली तेव्हा ती सवयीनं उठून मागं सरकू लागली. कमलीबाईनं मनगट धरलं.

"कोठे जाई ऱ्हायनी, माय?"

"मी रांडाव बाई, कमली. मी हात लावू नये."

कमलीबाईला ते कळलंच नाही, किंवा कळून तिनं सोडून दिलं. तिनं ओली हळद हुलासबाईच्या दोन्ही तळव्यांवर थापली आणि तिला नवरीपुढं उभं केलं. हुलासबाईनं एकदा आजूबाजूला पाहिलं. कुणी नाक मुरडत नव्हतं. ढोलवाला तर तिच्याकडं बघून आणखी जोरात वाजवू लागला. तिनं वाकून नवरीच्या गालांना हळद लावली.

दुसऱ्या दिवशी ती परतली तेव्हा दुकानात लालचंद घामाघूम होऊन बसला होता. पुढ्यात वेड्यावाकड्या पुड्यांचा ढीग, दोऱ्याचा गुंता, आणि ओट्यावर तीन बाया खुदुखुदू हसत. त्याचं लक्ष तिच्या पिवळ्या हातांकडं गेलं.

"सरका तिकडं," हुलासबाई म्हणाली. "मीठ असं बांधतात का?"

लालचंद सरकला. आणि तिनं त्याच पिवळ्या हातांनी पुडी सोडून पुन्हा बांधायला घेतली.